बारा इंची बाक

पहिलीच्या पोरांना फूटपट्टी शिकवायची म्हणजे आधी ती त्यांच्या तोंडातून काढायची. पट्ट्या हातात पडल्या की निम्मा वर्ग त्या चावून बघायचा, बाकीचे पाठ खाजवायचे, आणि एखादं कार्टं ती शेजारच्याच्या कानात कितपत जाते ते बघायचं. त्या साली पाऊस असा रुसला होता की शाळेच्या पिंपात तळाशी हिरवट पाणी आणि त्यावर मेलेल्या माश्या. नाकं धुवायला पाणी नाही, म्हणून पोरं नाकसुद्धा पट्टीनंच निपटायची. संध्याकाळी बाई त्या सगळ्या पट्ट्या घरी न्यायची आणि राखेनं घासायची. घासताना तिला मळमळायचं. पण पोरं एकदा मोजायला शिकली की या मळमळीचं सार्थक होईल, असं ती स्वतःला बजावायची.

बाई म्हणजे गावातल्या सुताराची बायको. शाळेतली तिची जागा काही पक्की नव्हती, शाळा कमिटीच्या अध्यक्षांची मर्जी असेतोवर होती. पण शिकवताना तिला याचा विसर पडायचा. मोजमाप शिकवावं तर तिनंच.

"पट्टीच्या काठाला भुलायचं नाही," ती सांगायची. "काठ झिजतो. काठ तुम्ही चावता. शून्याची रेघ धरायची, ती कुणाला चावता येत नाही."

ते सगळ्यांत आधी कळलं गवतवालीच्या पोरीला. गवतवाली विधवा बाई, उन्हातान्हात कुठल्याकुठल्या ओढ्यात उतरून वाळकं गवत कापून आणायची आणि दारोदार विकायची. तिची ही एकुलती एक. नुकतेच पुढचे पक्के दात आलेले, तोंडाच्या मानाने भलतेच मोठे. शून्याच्या रेघेवर अंगठ्याचं नख रोवायची, जीभ बाहेर काढायची, आणि जे मोजेल ते अचूक. पाटीची कड मोजली, खडू मोजला, बाईच्या चपलेचा अंगठा मोजला. एकदा झुरळ मोजायला निघाली होती, ते पळालं.

तोवर पोरं जमिनीवर बसायची. मग बाक आले. ते बाक बाईच्याच अंगणात तयार झाले होते, तिच्याच नवऱ्याच्या हातचे, त्यामुळे ते वर्गात मांडले तेव्हा तिला आतून बरं वाटलं होतं. अध्यक्षांनी हार घालून घेतला आणि भाषण ठोकलं. म्हणे, ही बारा इंची फळी आहे, एक केस कमी नाही, आमच्या पोरांनी मांडी घातली तरी गुडघा बाहेर येणार नाही. बोलता बोलता त्यांनी खिशातली किल्ली काढली, कानात फिरवली, टोकाला काय आलं ते बघितलं आणि धोतराला पुसलं. पुढच्या रांगेतली पोरं ते तोंड उघडं टाकून बघत होती.

त्याच आठवड्यात बाक उलटला. कोपऱ्यातलं एक पोर उठलं, दुसरी तिघं पुढं रेलली, आणि बाक त्यांच्यासकट आडवा. गवतवालीची पोर तोंडावर पडली. बाईनं तिला उचललं तेव्हा ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त आणि लाळ एकत्र वाहत होती, आणि पुढच्या मोठ्या दाताचा अर्धा टवका फरशीवर पडला होता. पोर रडली नाही. तो टवका उचलून तिनं बाईच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, हे परत बसतं का. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून तिनं पदरानंच तोंड पुसलं, आणि तो पदर दिवसभर तिच्या अंगाला चिकटत राहिला.

दोन-तीन दिवसांनी, पोरांचं भ्या मोडावं म्हणून, बाईनं बाकच मोजायला दिले. सगळ्या बाजूंनी एकच उत्तर येऊ लागलं, अकरा. बाईला राग आला. काठ धरला असणार, चावका काठ, ती ओरडली, परत मोजा. परत अकरा. सुजक्या ओठाच्या पोरीनं तर दोनदा मोजून दाखवलं, नख शून्याच्या रेघेवर. तेव्हा बाईनं तिच्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतः वाकून मोजलं. अकरा. दुसरा बाक, अकरा. तिसरा, अकरा. खालचे पायसुद्धा इंचभर आत घेतलेले. बाक उलटणार नाही तर काय होईल? पोरांना आपण उगाच ओरडलो, हे तिला आधी टोचलं, आणि मग त्याच्यामागून जे टोचायला लागलं ते काही थांबेना.

घरी अंगणात नवरा रंधा मारत होता. भुश्शाचा थर सगळीकडे, पाण्याच्या माठावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. सासरा खाटेवर पाय दुमडून बसलेला, हातात त्याची घडीची पट्टी. ही पट्टी म्हणजे या घरातलं दैवतच. म्हाताऱ्याच्या तरुणपणी तिचा पहिला इंच मोडला तो मोडलाच. नवी घेतील तर शपथ. तेव्हापासून या घरात सगळं एकापासून मोजतात आणि शेवटी एक टाकतात. पाळण्यातलं पोर बोलायला लागलं की आई, बाबा, आणि मग 'एकापासून धर, एक टाक'. बाई लग्न होऊन आली तेव्हा तिला याचं हसू यायचं.

"अहो, बाकाची फळी अकरा भरते," ती म्हणाली.

नवऱ्याचा रंधा थांबला नाही. ती परत म्हणाली तेव्हा त्यानं नुसती हनुवटी वर केली. समोर, रस्त्यापलीकडे, अध्यक्षांची नवी पडवी. तिला लाकडी जाळी लावायचं काम चाललं होतं, ऊन आत येऊ नये आणि बाहेरून कुणी बघू नये म्हणून. आडव्या उभ्या पट्ट्या, चौकोन चौकोन, देखणी जाळी. निम्मी लागून झाली होती. बाई रोज ती बघत शाळेत जायची, आणि नवऱ्याचा हात किती साफ आहे म्हणून मनातल्या मनात मिरवायची.

"सगळ्या बाकांच्या कडा त्या जाळीत आहेत," नवरा म्हणाला. "लाकूड त्यांनी आणलं, कापायचं त्यांनी सांगितलं. मी फक्त करवत चालवली."

"आणि त्या पोरीचा दात?"

"पोरांचे दात पडतातच."

"पक्का होता तो. आता जन्मभर तसाच."

त्यानं रंध्यात अडकलेला भुसा फुंकून काढला. बाईनं त्याच्या हातांकडे बघितलं, भुश्शानं पिवळे झालेले, नखात लाकूड. हेच हात तिच्या ताटातलं खातात, तिच्या पोराला उचलतात. आपलेच दात, आपलेच ओठ, बोंब मारायची तर कुणाच्या नावानं? त्या संध्याकाळी पिठात भुसा आला होता तो तिनं निवडला नाही. खा म्हणावं.

गवतवाली मात्र गप्प बसणारी नव्हती. भारा टाकून ती थेट कचेरीत गेली आणि म्हणाली, माझ्या पोरीचा दात मोडला, बाक मोजा. कचेरीला काय, कुणी मोजा म्हटलं की माणूस पाठवायचा. साहेब येणार असा निरोप आला. अध्यक्षांनी सुताराला बोलावलं, आणि सुतार परत आला तो हसत. साऱ्या दुष्काळात बाईनं हे हसू बघितलं नव्हतं. दारं-खिडक्या करायला गावात कुणाचं घर उभं राहत नव्हतं, वर्षभर हेच एक काम, आणि आता गावच्या नव्या सभागृहाची सगळी दारं आपल्यालाच मिळणार, तो सांगू लागला. अट काय, तर साहेबांपुढं सगळं नीट पार पडलं पाहिजे. साहेबाला मोजायचा कंटाळा. अध्यक्षांनी तोडगा काढला, मोजायचं शाळेतल्या पोरांनीच, सगळ्या गावासमोर. लेकराच्या शब्दावर कोण संशय घेणार?

"पोरं अकरा म्हणतील," बाई म्हणाली.

"तू शिकवलंस तर बारा म्हणतील. शून्यापासून नको, एकापासून धरायला सांग. अकराची फळी बरोब्बर बारावर जाऊन टेकते."

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. हे डोकं कुणाचं, तिनं विचारलं. नवऱ्याची नजर खाटेवरच्या पट्टीकडे गेली. अध्यक्षांना शून्य आणि एकातला फरक कुठला कळायला! म्हातारा इतका वेळ ऐकत होता, त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

"अरे, शेवटी एक टाकायचा असतो," तो म्हणाला. "ते सांगितलंस का त्यांना?"

"टाकायचा नाही, बाबा," नवरा म्हणाला. "या खेपेला टाकायचा नाही."

म्हाताऱ्यानं पट्टीची घडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मग नवरा बाईला हळू आवाजात समजावू लागला. फळी अकरा निघाली तर अध्यक्ष नामानिराळे राहतील आणि चोर ठरेल तो सुतार, करवत कुणाच्या हातात होती हे सगळ्या गावाला माहीत आहे. काम जाईल, वर तुझी शाळाही जाईल. पोरं काय, पुढं शिकतील परत. बाईला घराचा, त्या हसण्याचा, त्या भुश्शाच्या वासाचा इतका उबग आला की ती उठून परसात गेली आणि कोरडीच ओकली. पण दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना एकापासून धरायला शिकवलं. काय करता? घर होतं.

आणि शिकवणं किती सोपं गेलं! त्याचीच जास्त किळस. शून्याच्या रेघेसाठी तिनं महिनाभर घसा फोडला होता. आता नुसतं म्हणाली, शून्य म्हणजे काहीच नाही, काहीच नसलेल्यापासून कशाला सुरुवात करायची, आपण एकापासून मोजतो ना, एक दोन तीन? पोरांना पटलंच. ती तर खूश झाली, आधीपासून त्यांना तसंच वाटत होतं. फक्त गवतवालीच्या पोरीनं विचारलं, "बाई, मग आधी चुकीचं होतं का?" बाई म्हणाली, "हो." पोरीनं मान हलवली आणि अंगठ्याचं नख शून्यावरून उचलून एकावर ठेवलं. बाईनं सांगितलं ना, मग झालं.

साहेब आले त्या दिवशी शाळेच्या अंगणात बाक मांडले होते. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, सगळ्यांच्या अंगातून घामाच्या धारा, आणि साहेबांसाठी तेवढा थंड पाण्याचा माठ कुठून तरी आला होता. पोरं त्या माठाकडे बघून जिभा ओठांवरून फिरवत होती. अध्यक्षांनी वाटेतल्या पोराच्या हातातली पट्टी काढून घेतली, सदऱ्याच्या मागून आत घातली, डोळे मिटून पाठ खाजवली आणि मग तीच पट्टी पुढं करत म्हणाले, "जिला लागलं तीच मोजू दे. काय साहेब? म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

बाईला वाटलं, आता जमीन फाटावी. तिला वाटलं होतं दुसरं कुणी तरी पोर उभं करतील. गवतवालीची पोर मात्र टुणकन पुढं आली. पट्टी घामानं ओलसर होती, ती तिनं परकराला पुसली. फळीच्या कडेशी पट्टी लावली, एकाच्या रेघेवर नख रोवलं, जीभ बाहेर काढली.

"बारा," ती म्हणाली.

"बाई, बरोबर मोजलं ना हिनं?" अध्यक्षांनी विचारलं.

पोर बाईकडे बघत होती. अर्धा मोडका दात दाखवत हसत होती, शाबासकीसाठी. गर्दीत तिची आई उभी, केसात गवताच्या काड्या, बोटांना विळ्याचे घट्टे. बाईच्या तोंडात एकदम आंबट पाणी आलं. ते तिनं गिळलं.

"बरोबर," ती म्हणाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं, मूल कधी खोटं बोलत नाही असं काहीतरी म्हणाले आणि पाणी प्यायले. मग अध्यक्षांनी गवतवालीला पुढं बोलावलं. पोर तुझी, हात तिचे, पट्टी शाळेची, आता तुझं म्हणणं काय ते सांग, त्यांनी विचारलं. लोक हसले. दुष्काळात हसायला काहीतरी लागतंच. गवतवालीनं लेकीकडे वाकून हळूच विचारलं, खरंच बारा का गं. पोर म्हणाली, "हो आई, बाईंनी शिकवलंय." तेव्हा गवतवाली ताठ झाली, साहेबांपुढं हात जोडले, चुकलं माझं म्हणाली आणि लेकीला न घेताच निघून गेली. चोर पडवीत आणि माफी मागणार गवतवाली. थू!

घरी नवऱ्यानं बाईला पहिल्यांदा पाट मांडून दिला. सभागृहाची दारं आपलीच, तो म्हणाला. बाई जेवली नाही. पदरावरचा तो डाग धुतल्यावरही तपकिरी राहिला होता, तो ती नखानं खरवडत बसली.

सकाळी ती वर्गात गेली आणि सगळ्या पट्ट्या वाटल्या. तिनं ठरवून ठेवलं होतं, आजच्या आज हे उलटं शिकवायचं, घाण जितकी जास्त राहील तितकी मुरेल. तिनं खडूनं फळ्यावर मोठी रेघ काढली आणि म्हणाली, बाळांनो, आजपासून परत शून्यापासून धरायचं. पोरं गोंधळली, एकमेकांकडे बघू लागली. एकानं चावून बघितली पट्टी, काही फरक पडतो का ते. गवतवालीच्या पोरीनं मात्र निमूटपणे नख एकावरून उचललं. तिला त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं. शून्यावर नख ठेवता ठेवता तिनं अगदी साधं विचारलं,

"बाई, आज कोण येणारे?"

बाईच्या हातातला खडू तसाच राहिला. कुणी आलं की माप बदलतं, हे पोरीला कळलं होतं. इतक्या महिन्यांत बाईनं शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत हीच तेवढी तिच्या मनात पक्की बसली होती. आता तिला एकदा काय, शंभरदा शून्य सांगितलं तरी ती मान हलवणार आणि मनात म्हणणार, आज कुणी तरी येणार असेल. बाईला रडू आलं नाही. स्वतःची शिसारी आली, डोक्यापासून पायापर्यंत.

"कुणी येणार नाही," ती म्हणाली. "आज आपण जायचंय. आधी बाक मोजा. रेघेपासून."

पोरांनी मोजले. अकरा. मग पट्ट्या हातात धरून, एकमेकांचे सदरे पकडून, सगळी रांग बाहेर निघाली. धूळ उडत होती, कुणाचं नाक वाहत होतं, कुणाची चड्डी घसरत होती. बाई पुढं. रस्ता ओलांडून रांग थेट अध्यक्षांच्या पडवीसमोर जाऊन थांबली.

पडवीत अध्यक्ष खुर्चीवर बसले होते, घमेलंभर पाण्यात पाय सोडून. शिडीवर बाईचा नवरा, तोंडात खिळे धरून जाळीची शेवटची पट्टी ठोकत होता. बाईनं गवतवालीच्या पोरीला कडेवर घेतलं आणि सांगितलं, जाळीच्या या पट्टीची रुंदी मोज. शिडीवरचा हातोडा थांबला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, शाळा सोडून हे काय?"

"शाळाच चाललीय," बाई म्हणाली.

पोरीनं नख रोवलं, शून्यावर. जीभ बाहेर काढली. बराच वेळ बघितलं, कारण उत्तर नीट बसत नव्हतं.

"एक," ती म्हणाली. "नाही बाई, एकाला एक रेघ कमी."

"ती रेघ करवतीनं खाल्ली. तेवढा भुसा झाला. बाकी सगळा इंच इथं आहे. बाक किती होता?"

"अकरा."

"अकरा आणि हा एक?"

"बारा!" सगळी पोरं पाढ्यासारखी एका सुरात ओरडली. एवढी बेरीज त्यांना येत होती. रस्त्यानं जाणारे थबकले. त्यांच्यात डोक्यावर भारा घेतलेली गवतवालीही होती. तिनं आधी लेकीकडे बघितलं, मग जाळीकडे, वरून खाली, एकेका चौकोनाकडे. भारा तिनं तिथंच रस्त्यात टाकला. अध्यक्षांना उठायचं होतं, पण ओल्या पायांनी फरशीवर उभं राहता येईना, ते घमेल्यातच पाय चाचपडत बसले.

नवरा शिडीवरून उतरला. तोंडातले खिळे त्यानं तळहातावर थुंकले. बाईच्या जवळून जाताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "घर बुडवलंस." ते खरंच होतं. त्यानं पिशवीत हातोडा टाकला आणि कुणाकडे न बघता रस्ता ओलांडून निघाला. पलीकडे अंगणात म्हातारा खाटेवर उठून बसला होता आणि हातातली मोडकी पट्टी उलगडून उगाच बघत होता.

कडेवरच्या पोरीनं विचारलं, "बरोबर, बाई?"

"बरोबर," बाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तिला खाली उतरवून तिनं रांगेतल्या पुढच्या पोराच्या तोंडातून पट्टी काढली, पदराला पुसली आणि त्याला उचलून घेतलं. "आता तू. शून्यापासून."